पाणवठ्यांच्या वाटा – भाग ६ : झऱ्यावर बांधलेला कोट

लास वेगासहून झायनचे लाल कडे बघायचे आणि तिथून ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ गाठायचा, ही फेरी अमेरिकेतली मराठी कुटुंबं हमखास करतात. भारतातून आईबाबा आले असतील तर उन्हाळ्याच्या सुट्टीत हा बेत ठरलेलाच. युटातलं हरिकेन गाव सोडून गाडी घाट चढते आणि माथ्यावर आली की समोर एकदम मोकळं माळरान पसरतं. डावीकडे व्हर्मिलियन क्लिफ्स या शेंदरी कड्यांची न संपणारी भिंत. उजवीकडे करड्या सेजब्रशची खुरटी झुडपं थेट क्षितिजापर्यंत गेलेली, आणि त्या क्षितिजापलीकडे कुठेतरी कॅन्यनची दरी. मैलोनमैल घर दिसत नाही. फ्रेडोनिया गाव साधारण १४ मैलांवर राहिलं की डाव्या हाताला एक पाटी येते : पाइप स्प्रिंग नॅशनल मॉन्युमेंट. बहुतेक गाड्या तिथे वळत नाहीत. कॅन्यनवर सूर्यास्ताच्या आत पोचायचं असतं.

तिथे वळा, हे सांगण्यासाठी आजचा भाग आहे.

जागा मोठी नाही, सगळी मिळून ४० एकर. कड्याच्या पायथ्याशी लाल दगडाचा एक दुमजली कोट, शेजारी दोन ठेंगणी दगडी घरं, समोर दोन तळी, तळ्यांवर जुन्या झाडांची दाट सावली, पलीकडे भाजीची बाग, फळझाडं आणि जनावरांचा गोठा. माळावरचं ऊन सोसून आलेल्या माणसाचं पाऊल त्या सावलीत आपोआप मंदावतं. माहितीपत्रकात ही वास्तू ‘पायोनियरांचा’ वारसा म्हणून येते. पश्चिमेकडे सरकत गेलेल्या गोऱ्या वसाहतकारांना अमेरिकेत हे नाव आहे. त्यांचा इतिहास इथे आहेच, आणि तो वाचण्यासारखाही आहे. पण कोटाकडे बघून तो नीट कळत नाही. तो कळतो पाण्याकडे बघून. म्हणून या भागात आपण पाण्याचाच माग काढू : ते येतं कुठून, कोणाच्या हातात गेलं आणि त्याने काय काय घडवलं.

या मुलखात वर्षाला पाऊस साधारण ११ इंच पडतो. मग वर्षभर वाहणारा झरा आला कुठून? उत्तर उत्तरेकडच्या उंच पठारांवर आहे. तिथे पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी नावाहो वालुकाश्म नावाच्या खडकात मुरतं. जुन्या वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू दबून हा खडक तयार झाला. वाळूचे कण एकमेकांना चिकटले, तरी त्यांच्यामधल्या बारीक फटी राहिल्या, आणि त्यांतून पाणी अगदी संथ खाली झिरपत राहतं. त्याखाली चिकणमातीचे घट्ट थर आहेत. पाणी तिथे अडतं आणि उताराच्या दिशेने सरकू लागतं. एवढंच असतं तर ते पुढे कुठेतरी जमिनीखालीच हरवलं असतं. पण या भागातून सेवियर भ्रंश जातो. जमिनीला पडलेली ही प्रचंड चीर. तिच्या एका बाजूचे थर दुसऱ्या बाजूच्या तुलनेत खाली-वर सरकले आहेत. भ्रंशाजवळचा खडक तडकलेला, म्हणून पाणी त्या रेषेने दक्षिणेकडे धावतं. आणि पाणी पुढे जाऊ न देणारा खडक समोर आला की नाइलाजाने वर येतं. पाइप स्प्रिंग तिथे आहे. थोड्या अंतरावर उत्तरेला मॉकसिन आहे, तिथलाही झरा याच व्यवस्थेतला. बाकी मैलोनमैल काही नाही.

त्यामुळे या माळावर जमिनीला तिच्या विस्तारावरून किंमत नव्हती. लाख एकर जमीन नावावर असून उपयोग शून्य, आणि झऱ्याभोवतीची थोडकी जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात आजूबाजूचा सगळा माळ. गुरं दिवसभर कुठेही चरोत, पाण्याला ती इथेच येणार. पुढे जे जे झालं त्याच्या मुळाशी हे गणित आहे.

गोरा माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून हा पाणवठा कायबाब पायूट लोकांचा होता. त्यांच्याही आधी शेती करणारे प्राचीन पुएब्लो लोक या परिसरात राहून गेले होते. पायूटांचं वर्ष ऋतूंप्रमाणे सरकायचं. झऱ्यांजवळ मका, घेवडा, भोपळा लावायचा, उन्हाळ्यात माळावरच्या गवताचं बी गोळा करायचं, पुढे उंच पठारावर जाऊन शिकार करायची, पाइनची बोंडं जमवायची आणि हिवाळ्यात सशाच्या कातड्यांच्या गोधड्या पांघरून दिवस काढायचे.

यातल्या गवताच्या बियांकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या बियांवर येऊन ठेपते. इथलं एक महत्त्वाचं गवत म्हणजे इंडियन राइसग्रास. ते झुबक्याने वाढतं आणि त्याला भरीव, काळपट दाणे येतात. बायका एका हातात विणलेली टोपली धरायच्या आणि दुसऱ्या हातातल्या वेताच्या झोडणीने गवताचे शेंडे टोपलीत झोडायच्या. मग ते दाणे सुपासारख्या पसरट टोपलीत निखाऱ्यांबरोबर घेऊन अखंड हलवत राहायचं. टोपली जळता कामा नये आणि दाणा भाजला पाहिजे, हे हाताचं कसब. भाजलेले दाणे पाट्यावर वाटून त्यांचं पीठ व्हायचं, पिठाची पेज व्हायची. वर्षाचं धान्य म्हणजे हे. पेरलेलं नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्याला ते शेत वाटलं नाही. त्याला दिसलं ते गुरांना भरपूर पुरेल असं, घोड्याच्या पोटाला लागेल एवढं उंच गवत.

पायूटांवरची संकटं मात्र मॉर्मन पंथाचे वसाहतकार येण्याआधीच सुरू झाली होती. १७७६ साली दोमिंगेस आणि एस्कालांते या स्पॅनिश पाद्र्यांची मोहीम या प्रदेशातून गेली. १८२९ मध्ये अंतोनियो आर्मिहो हा व्यापारी तांडा घेऊन न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाकडे निघाला आणि या बाजूने वाट पडली. तिच्याबरोबर गुलामांचा व्यापार वाढला. घोडे बाळगणाऱ्या शेजारच्या जमाती पायूटांची मुलं आणि बायका पळवून स्पॅनिश-मेक्सिकन वस्त्यांत विकत. जोडीला नवे रोग आले. झऱ्यावर गोऱ्यांचा तळ पडला तेव्हा पायूट समाज आधीच विरळ होऊ लागला होता.

तो तळ १८५८ मध्ये पडला. जेकब हॅम्बलिन हे मॉर्मन धर्मप्रसारक होपी लोकांच्या गावांकडे निघाले होते, वाटेत ते या झऱ्यावर थांबले. त्यांच्या सोबतच्या एकाने नेम दाखवण्यासाठी तंबाखूच्या पाइपचा तळ बंदुकीने उडवला आणि तेव्हापासून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. १८६३ मध्ये टेक्सासहून आलेल्या जेम्स व्हिटमोर यांनी झऱ्यासकट १६० एकरांवर हक्क नोंदवला, जमिनीत अर्धं खोदलेलं घर केलं आणि गुरंमेंढरं आणली.

तो काळ नावाहो लोकांच्या सर्वनाशाचाही होता. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नावाहोंना त्यांच्या भूमीतून पायी हुसकावून न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. जे निसटले ते उपाशी होते, आणि कोलोरॅडो नदी ओलांडून मॉर्मनांची गुरं पळवू लागले. जानेवारी १८६६ मध्ये पळवलेल्या गुरांचा माग काढत व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट मॅकिंटायर माळावर गेले आणि मारले गेले. शोधायला आलेल्या मिलिशियाला, म्हणजे वसाहतकारांच्या सशस्त्र तुकडीला, त्यांची प्रेतं बर्फाखाली सापडली. मिलिशियाने सूड घेतला तो जवळपास हाती लागलेल्या पायूट माणसांवर. हल्ला मुख्यतः नावाहोंचा होता असं पुढे मानलं गेलं, पण तोवर पायूटांची माणसं गेली होती. कोटाचा इतिहास सांगताना दोन गोऱ्यांचा मृत्यू नावानिशी सांगितला जातो आणि या पायूटांचा उल्लेख ‘काही’ एवढ्यावर संपतो. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. मला ही गोष्ट फार लागते.

१८६८ मध्ये मिलिशियाने इथे एक लहान दगडी घर बांधलं. आज बघायला मिळणाऱ्या दोन घरांपैकी ते पूर्वेकडचं. मग १८७० साली मॉर्मन चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी व्हिटमोर यांच्या विधवेकडून ही जागा चर्चसाठी घेतली.

चर्चला रँच कशासाठी? मॉर्मन कुटुंबाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो. सरहद्दीवरच्या या वस्त्यांत रोख पैसा नव्हताच, म्हणून दशांश वस्तूंनी यायचा : धान्य, अंडी, लोणी आणि मुख्य म्हणजे गाईगुरं. दक्षिण युटातल्या दशांशाच्या गुरांचा एवढा मोठा कळप ठेवायला गवत आणि पाणी दोन्ही असलेली जागा हवी होती. शिवाय सेंट जॉर्ज गावात मोठं मंदिर बांधायचं ठरलं होतं. त्याचं काम १८७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि १८७७ मध्ये ते पुरं झालं. एवढी वर्षं राबणाऱ्या गवंड्यांना, सुतारांना, गाडीवानांना खायला घालायचं होतं. पाइप स्प्रिंगचं मांस, लोणी आणि चीज त्या मुदपाकखान्यासाठी होतं.

अँसन पेरी विन्सर यांना इथले व्यवस्थापक नेमलं. त्यांच्यावरून कोटाला ‘विन्सर कॅसल’ हे नाव पडलं. मागच्याच कड्याचा लाल वालुकाश्म काढून, घडवून १८७० ते १८७२ या काळात बांधकाम झालं. आपल्याकडे गड फिरलेल्या माणसाला त्याची रचना लगेच उमगते. समोरासमोर दोन दुमजली घरं, मध्ये चौक, दोन्ही टोकांना उंच भिंती आणि त्यांत बैलगाडी सरळ आत येईल एवढे रुंद लाकडी दरवाजे. बाहेरच्या भिंतींना तेव्हा खिडक्या नव्हत्या, फक्त बंदुकीसाठी जंग्या. आणि गडाचं पाणी गडाच्या आत हवं हा जो आपल्याकडचा पहिला नियम, तो इथे शब्दशः पाळलेला : वरच्या घराचा पायाच मुख्य झऱ्यावर घातला. वेढा पडला तरी आतल्या माणसाला पाण्यासाठी बाहेर पडायला नको.

वेढा कधी पडलाच नाही. कोट पुरा व्हायच्या आधीच, १८७० च्या अखेरीस, हॅम्बलिन यांनी नावाहो प्रमुखांशी बोलणी करून तह घडवून आणला होता. त्या बोलण्यांना जॉन वेस्ली पॉवेलही हजर होते. कोलोरॅडो नदीतून होड्या घालून ग्रँड कॅन्यन पार करणारे, एक हात युद्धात गमावलेले हे भूशास्त्रज्ञ; त्यांची सर्वेक्षण करणारी माणसं पुढची काही वर्षं पाइप स्प्रिंगला येत-जात होती. जंग्यांमधून शत्रूवर एकही गोळी सुटली नाही. पण कोटाने एक काम मात्र पहिल्या दिवसापासून केलं. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा झरा आत होता आणि पायूट बाहेर.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ थांबावं ते खालच्या घरातल्या झऱ्याच्या खोलीत. वरच्या घराखालून निघालेलं पाणी चौकाखालून इथे आणलं होतं. भिंतीतून येणारी धार लांबट पन्हाळीत पडते, खोलीभर फिरते आणि पलीकडच्या भिंतीतून बाहेरच्या तळ्याकडे जाते. जाड दगडी भिंती, उन्हाला वाव नाही आणि वाहतं गार पाणी. बाहेर अंगाची लाही होत असताना आत अंगावर शहारा यावा इतका गारवा. त्या काळातला हा शीतकक्ष. दुधाची भांडी पाण्याजवळ मांडायची, लोणी इथेच राहायचं, मांस इथेच टांगायचं.

लागूनच चीजची खोली. सकाळ-संध्याकाळ गाईंच्या धारा निघाल्या की दूध मोठ्या हौदात ओतून कोमट करायचं आणि त्यात रेनेट घालायचं. वासराच्या जठरातून काढलेल्या या द्रव्याने दूध घट्ट धरतं. घट्ट झालेल्या दुधाच्या सुऱ्यांनी वड्या पाडल्या की पिवळसर निवळी सुटते. ती काढून टाकायची, चोथ्याला मीठ लावायचं, फडक्यात बांधून साच्यात भरायचं आणि लाकडी दाबाखाली ठेवायचं. दाबून निघालेले गोल चाकासारखे गड्डे फळ्यांवर मांडून ठेवत, रोज उलटत, आणि ते मुरले की इतर मालाबरोबर गाडीतून सेंट जॉर्जला रवाना होत. ही मेहनत मुख्यतः बायकांची आणि मुलांची. मंदिराच्या इतिहासात दगड वाहणाऱ्या गाड्यांची वर्णनं येतात. पहाटे उठून धारा काढणाऱ्यांची फारशी येत नाहीत.

वरच्या मजल्यावर बायबलइतकीच जपलेली एक वस्तू होती, ती म्हणजे तारयंत्र. मॉर्मनांनी ‘डेझरेट टेलिग्राफ’ नावाने स्वतःचं तारेचं जाळं उभारलं होतं. १८७१ च्या डिसेंबरात त्याची तार पाइप स्प्रिंगला पोचली आणि ॲरिझोना टेरिटरीतलं पहिलं तारघर या माळरानावर सुरू झालं. तिथली तारमास्तर होती एलायझा लुएला स्टुअर्ट, वय वर्षं १६. जिथे पत्र पोचायला दिवसच्या दिवस लागत, तिथे ही मुलगी बिंदू आणि रेषांच्या खटखटीतून सॉल्ट लेक सिटीशी बोलू लागली. पुढे तिचं लग्न डेव्हिड किंग युडॉल यांच्याशी झालं. तिचा नातू स्टुअर्ट युडॉल १९६१ ते १९६९ अमेरिकेचा गृहखात्याचा मंत्री होता. तिथल्या गृहखात्याकडे जमीन, जंगल आणि राष्ट्रीय उद्यानं असतात, म्हणजे आजीचं जुनं तारघरही त्याच्याच खात्यात.

कोट बांधून होईतो गुरांची संख्या भराभर वाढली होती. १८७३ मध्ये ‘विन्सर कॅसल स्टॉक ग्रोइंग कंपनी’ निघाली आणि खासगी भागधारकांची गुरंही चर्चच्या गुरांत मिसळली. गवत उंच होतं, पाणी हाताशी होतं, कळप हजारांवर गेला. आणि इथेच सगळं फिस्कटलं.

या कोरड्या मुलखातल्या गवताची एक अडचण आहे. ते बी धरण्याच्या बेतात असताना दरवर्षी गुरांनी ओरबाडलं, तर नवं बी पडत नाही आणि मुळांत साठा उरत नाही. एखादं वर्ष गेलं तर ते सावरतं. ओळीने काही वर्षं गेली की झुबका मरतो. उघड्या पडलेल्या जागेत सेजब्रश आणि जुनिपर शिरतात, गुरं त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून तेच वाढत जातात. वळवाचा पाऊस उघड्या मातीवर आदळतो आणि घळी पडतात. पंधरा-वीस वर्षांत माळाचं रूप पालटलं. आज रस्त्यावरून जाताना जे करडं खुरटं रान दिसतं आणि ‘वाळवंटच ते’ म्हणून आपण पुढे जातो, ते मूळचं तसं नव्हतं. तिथे गवताचं कुरण होतं.

गुरांना खायला कमी पडलं तेव्हा मालकांनी ती दुसरीकडे हलवली, विकली, तोटा सोसला. पायूटांचं तर धान्यच गेलं होतं. बी नाही, झरे कुंपणात, शिकार विरळ. ही तक्रार कोणा बाहेरच्याने केलेली नाही. १८५८ मध्ये ज्यांनी या झऱ्यावर तळ टाकला, त्याच जेकब हॅम्बलिन यांनी १८८० मध्ये पॉवेल यांना पत्र लिहून कळवलं की पाणवठे सगळे गोऱ्यांनी व्यापले आहेत, ज्या गवताचं बी हे लोक खात ते गुरांनी फस्त केलं आहे, आणि आता त्यांच्यापुढे भीक मागणं किंवा उपाशी मरणं एवढंच उरलं आहे. हॅम्बलिन पायूटांची भाषा बोलत, त्यांच्यात राहिलेले होते. वसाहत आणणारा माणूसच वसाहतीने काय केलं ते लिहितो, असा कागद इतिहासात क्वचित मिळतो. पाइप स्प्रिंगला येणाऱ्या प्रत्येकाने कोटाच्या आधी या पत्राचा मजकूर समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

कोटाचं पुढचं आयुष्य वेगळ्याच कामात गेलं. मॉर्मनांमध्ये तेव्हा बहुपत्नीत्व होतं. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने ते गुन्हा म्हणून कडक केलं आणि युटात मार्शल घरोघर शोध घेऊ लागले. एखाद्याची दुसरी-तिसरी बायको सापडली की तीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरे. पाइप स्प्रिंग सरहद्दीच्या अलीकडे, ॲरिझोनात. आणि ॲरिझोनाचा अंमलदार ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे. त्यामुळे अशा बायका मुलाबाळांसह इथे येऊन लपल्या. त्यांच्यातल्या फ्लोरा वुली कोटाचे व्यवस्थापक एडविन वुली यांच्या पत्नी. जंग्यांतून येणाऱ्या बोटभर उजेडात दिवस काढणं त्यांना नकोसं झालं आणि त्यांनी बाहेरच्या भिंतीला खिडक्या पाडायला लावल्या. आज त्या खिडकीतून दक्षिणेकडचा माळ दूरवर दिसतो. लढाईसाठी बांधलेल्या भिंतीला एका बाईने घराच्या गरजेसाठी भोक पाडलं, आणि या वास्तूतला माझा सगळ्यात आवडता कोपरा तोच आहे.

१८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चच्या मालमत्तेवर जप्तीचं सावट आलं. १८९५ मध्ये चर्चने ही रँच विकली. मग ती एका पशुपालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि शेवटी मॉकसिनच्या हीटन कुटुंबाकडे आली. दरम्यान १९०७ मध्ये सरकारने भोवतालची जमीन कायबाब पायूटांसाठी राखीव केली. सगळीकडे पायूटांची राखीव जमीन आणि मध्ये पाण्याचं बेट खासगी मालकीचं, अशी विचित्र अवस्था झाली.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅदर यांच्या डोक्यात तेव्हा झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन जोडणारा मोटारमार्ग घोळत होता. वाटेत प्रवाशांनी टेकावं, पाणी प्यावं, जुना काळ बघावा अशी ही जागा त्यांना वाटली. ३१ मे १९२३ रोजी अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी पाइप स्प्रिंग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. त्याच जाहीरनाम्यात पायूटांना शेतीसाठी आणि जनावरांसाठी हे पाणी वापरण्याची मुभा नमूद आहे. १९२६ पासून लेनर्ड हीटन इथले रखवालदार झाले. त्यांनी कोटाची डागडुजी केली, झाडं लावली आणि वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. या जागेचा विसाव्या शतकातला इतिहास बराचसा त्या वह्यांमुळे हाती लागतो.

पाण्याचा तंटा मात्र सुटला नव्हता. स्मारकाला बागेसाठी हवं, पायूटांना शेतासाठी हवं, आजूबाजूच्या गुरंवाल्यांचा जुना दावा होताच. १९३३ मध्ये सरकारी नियमाने झऱ्याचे तीन समान वाटे झाले : एक स्मारकाचा, एक जमातीचा, एक गुरंवाल्यांचा. हजार वर्षं वापरात असलेल्या पाणवठ्यावर मूळच्या माणसांना तिसरा हिस्सा, असा तो न्याय. तरी तेव्हाच्या मानाने तोही मिळवावाच लागला होता.

आता वाटणीपेक्षा मोठा प्रश्न उभा आहे. १९७० च्या दशकापासून धार बारीक होत गेली आणि १९९९ मध्ये कोटाखालचा मुख्य झरा आटला. आज झऱ्याच्या खोलीत वाहताना दिसतं ते पाणी शेजारच्या बोगद्यातल्या झऱ्याचं, नळाने आणून सोडलेलं. मी वर ज्या गारव्याचं वर्णन केलं तो आजही तिथे आहे, पण तो राखावा लागतो. आटण्यामागे भ्रंशाच्या रेषेवरच्या विहिरींचा उपसा किती आणि कमी झालेलं पाऊसमान किती, याचा अभ्यास भूजलतज्ज्ञ करत आले आहेत. वालुकाश्मातून पाणी इतकं संथ येतं की आज केलेल्या उपशाचा परिणाम कित्येक वर्षांनी झऱ्यावर दिसतो. त्यामुळे दुखणं कळतं तेव्हा ते बरंच जुनं झालेलं असतं.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. आधी संग्रहालयात जा. ते जमात आणि उद्यान सेवा मिळून चालवतात. २००३ मध्ये उघडलेली ही इमारत जमातीच्या जमिनीवर आहे आणि पायूटांची बाजू तिथे त्यांच्याच शब्दांत मांडलेली आहे. गवताचं बी ज्यात झोडायचे ती टोपली नीट बघा. मग कोटात गेल्यावर चीजच्या दाबाकडे बघण्याची नजर बदलते. कोट आतून बघायला रेंजरबरोबर जावं लागतं. त्यानंतर मागच्या कड्यावर चढणारी अर्ध्या मैलाची पायवाट चुकवू नका. वयस्कर माणसांनी सकाळीच चढावं, पाणी जवळ ठेवावं. माथ्यावरून कोट, तळी, मॉकसिनकडची हिरवळ आणि दक्षिणेचा सगळा माळ एका नजरेत येतो आणि भ्रंशाची ती रेषा, जिच्यावर हे सगळं उभं आहे, हिरव्या ठिपक्यांवरून ओळखता येते. रात्री मुक्काम करता आला तर उत्तमच. कायबाब पायूटांच्या या प्रदेशाला २०१५ मध्ये जगातलं पहिलं ‘डार्क स्काय नेशन’ म्हणून मान्यता मिळाली. जमातीने स्वतःहून दिवे आवरते घेतले, म्हणून इथे आकाशगंगा डोळ्यांनी दिसते.

इथून पूर्वेकडे जाणारी वाट कोलोरॅडो नदीला जिथे भिडते तिथे एकेकाळी तराफ्यावरून गाड्या पार करत. ॲरिझोनात वसलेली मॉर्मन जोडपी सेंट जॉर्जच्या मंदिरात लग्न लावण्यासाठी त्याच उताराने नदी ओलांडून पाइप स्प्रिंगवर मुक्कामाला येत, म्हणून त्या रस्त्याला ‘हनिमून ट्रेल’ म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात आपण त्या उतारावर, लीज फेरीला जाऊ.